कार्याचा प्रकार : इतर

मोबाईलवरच्या ग्रुपचं प्रत्यक्ष भेटायचं ठरलं की पहिल्या दिवशी सगळेच येणार असतात. अंगठे वर होतात, बदाम उमटतात, कुणीतरी 'मी बाकरवडी आणते' असंही टाकून मोकळं होतं. तो उत्साह खोटा नसतो. फक्त त्याची किंमत अजून कुणी सांगितलेली नसते. चार दिवसांनी एका रिसॉर्टचं पत्रक येतं : माणशी साडेतीन हजार, त्यात नाश्ता, तरणतलाव आणि रेन डान्स. त्यावरही अंगठे येतात, पण जरा विरळ. मग एकेकाचा वैयक्तिक निरोप यायला लागतो. नेमकं त्याच शनिवारी मावसबहिणीकडे बारसं आहे. ऑफिसात ऑडिट आहे. आईला बरं नाही.

यातली निम्मी बारशी होत नसतात. 'परवडत नाही' हे वाक्य आपल्याला भाजीवालीला सांगता येतं, मित्रांना नाही.

आमचा ग्रुप शब्दकोडी सोडवणाऱ्यांचा. रोज सकाळी एक कोडं पडतं, दुपारपर्यंत त्याच्यावर भांडणं होतात आणि रात्री उत्तरं येतात. काही जण गेली कित्येक वर्षं रोज बोलतात, पण एकमेकांना ओळखतात ते 'खोडरबर', 'उभं सतरा', 'काळी चौकट' अशा नावांनी. कुणी कऱ्हाडचं, कुणी नागपूरचं, कुणी इंदूरचं, दोघं बेळगावचे, एक न्यू जर्सीतले. कोड्यात सगळे सारखे असतात. निवृत्त मुख्याध्यापिका, बँकेतले अधिकारी, रिक्षा चालवणारे गृहस्थ, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी लातूरकडची मुलगी, यांच्यात फरक असलाच तर 'चार अक्षरी, नदीचं प्राचीन नाव' कुणाला आधी सुचतं एवढाच. राहायची जागा निवडायला बसलो की मात्र हा सारखेपणा पहिल्या तासात मोडतो. कोड्याला पैसे पडत नाहीत, खोलीला पडतात.

म्हणून जागा शोधायची जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा मी जागा शोधायच्या आधी आकडा शोधला. खोडरबर बाईंवर सगळ्यांचा विश्वास. आयुष्यभर सहलीचे पैसे गोळा केलेली बाई. प्रत्येकानं फक्त त्यांना कळवायचं की प्रवास सोडून आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो. त्यांनी ते कुणाला सांगायचं नाही, मलासुद्धा नाही. मला फक्त सगळ्यात लहान आकडा सांगायचा. तो निघाला 1,200.

सरासरी मी मुद्दाम मागितली नाही. सरासरी काढली की दोन हजारांच्या पुढे जाते, सगळ्यांना वाटतं मध्यम मार्ग निघाला, आणि त्या मध्यम मार्गावर सहा-सात माणसं गळतात. ती कोण हे कुणालाच कळत नाही, कारण त्यांच्याकडे बारसं असतं.

यावर आमच्यातले दोन-तीन सुस्थितीतले सदस्य म्हणाले, 'अहो, जरा बरं काहीतरी बघा ना. ज्यांना जमत नाही त्यांचा फरक आम्ही भरू, नाव कुठे येणार नाही.' मनापासून म्हणाले. पण मी नाही म्हटलं, आणि त्यावरून थोडं वाजलंही. माझं म्हणणं सरळ होतं. ज्याचा फरक भरला जातो त्याला ते माहीत असतं. तो रात्री जेवताना दुसऱ्यांदा श्रीखंड घेताना विचार करतो. उद्या कोड्याच्या उत्तरावरून फरक भरणाऱ्याशीच भांडायची वेळ आली तर तो गप्प बसतो. आणि आमच्या ग्रुपात भांडण हा मुख्य कार्यक्रम आहे. तेव्हा जागा 1,200 वाल्याच्या खिशाची घ्यायची, आणि ज्याला एसी हवा त्यानं स्वतःच्या खर्चानं जवळपास खोली घ्यावी. हातभार असा उलटा लागला तर कुणाला जड जात नाही.

आता 1,200 रुपयांत एक रात्र, तीन वेळचं खाणं, आणि सगळ्यांना एकत्र बसता येईल अशी जागा, तीही तीसच्या वर माणसांना. शोध सुरू झाला.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासं जागेच्या बाबतीत कुणाला हार जाणार नाहीत. 1975 साली महामंडळ निघालं आणि कार्ला, भंडारदरा, हरिहरेश्वर, तारकर्ली अशा मोक्याच्या जागा त्यांनी धरल्या. पण खोल्या बहुतेक दोघा-तिघांच्या. तीस माणसं दहा खोल्यांत वाटली की भेट न होता दहा छोट्या सहली होतात. कोकणात वेळासला कासवांच्या महोत्सवासाठी गावातली घरं पाहुण्यांना उघडतात. घरच्या जेवणाला तोड नाही, दरही माफक. पण ते उन्हाळ्याच्या तोंडाशी, पिल्लं समुद्रात जायच्या दिवसांत, आणि तिथंही माणसं घराघरांत विभागली जातात. लोणावळ्याकडच्या बंगल्यांचा पहिला प्रश्न 'फॅमिली की बॅचलर?' आम्ही दोन्ही नव्हतो. दुसरा प्रश्न 'शनिवार-रविवार?' आणि त्याचं उत्तर दिलं की दर दुप्पट.

देवस्थानांची भक्तनिवासं सगळ्यांनीच सुचवली. शेगावचं नाव तर पहिल्या मिनिटाला आलं. तिथली स्वच्छता बघितलेला माणूस पुढे कुठल्याही लॉजला नाक मुरडतो. कराचंही गणित तिथं बरं बसतं. धार्मिक स्थळाच्या आवारातल्या धर्मादाय संस्थेच्या खोलीचं भाडं दिवसाला हजाराच्या आत असेल किंवा सभागृहाचं दहा हजारांच्या आत असेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. साध्या लॉजच्या हजाराच्या आतल्या खोलीलाही पूर्वी अशी सूट होती, ती जुलै 2022 मध्ये गेली आणि 12 टक्के लागले. सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना 5 टक्के आहेत. तरीही भक्तनिवासाला मी नाही म्हटलं. त्या खोल्या देवाला आलेल्यांसाठी आहेत. आम्ही दहा खोल्या अडवून आत 'पाच अक्षरी, मूर्ख' शोधत बसायचं आणि वाशिमहून आलेल्या म्हातारीनं वळचणीला पडायचं, हे मला पटेना. शिवाय बऱ्याच ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, आणि आमच्यातले अर्धे एकटे येणारे.

न्यू जर्सीकरांची वेगळीच अडचण. त्यांचा पासपोर्ट अमेरिकी. परदेशी नागरिक उतरला की 24 तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. छोट्या लॉजवाल्यांना ती कटकट नको असते. एकानं फोनवरच सांगितलं, 'फॉरेनर नको. बोलतात मराठी, पण पासपोर्टला काय बोलता येतंय?' वाक्याला दाद द्यावीशी वाटली, पण खोली गेलीच.

मंगल कार्यालयाची कल्पना 'काळी चौकट' यांची. त्यांचे मेहुणे आचारी आहेत. काळी चौकट म्हणाले, 'चातुर्मासात कार्यालयं ओस पडलेली असतात. भाव करा.'

बोलणं अगदी साधं, पण मला ते रात्रभर पुरलं. आषाढी एकादशीला देव झोपतात ते कार्तिकीला उठतात. मग तुळशीचं लग्न लागतं आणि त्यानंतर माणसांची. मधल्या चार महिन्यांत एवढाले हॉल, शंभर-शंभर पानांची पंगत बसेल अशी जेवणघरं, भटारखाने, खोल्या, गाद्यांच्या थप्प्या, सगळं नुसतं उभं असतं. एखादं डोहाळजेवण, एखादी मंगळागौर, एखादा सत्कार. हल्ली पंचांगात आपत्कालीन मुहूर्त छापतात म्हणून क्वचित लग्नही निघतं. पण एकंदरीत मंदीच.

जगभर स्वस्त मुक्कामाची युक्ती हीच दिसते. 1909 च्या ऑगस्टमध्ये रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळात सापडले आणि त्यांनी रात्र काढली एका खेड्यातल्या शाळेत. सुट्टी होती म्हणून शाळा रिकामी. बाहेर विजा कडाडत असताना त्यांच्या डोक्यात आलं की सुट्टीत अशा किती शाळा रिकाम्या असतील. त्यातून यूथ होस्टेलची चळवळ निघाली आणि देशोदेशी पसरली. आपल्याकडे दिंड्या वाटेवरच्या शाळांत उतरतात, साहित्य संमेलनाचे प्रतिनिधी शाळांत आणि वसतिगृहांत गाद्या टाकतात, ते त्याच वाटेनं. दुसऱ्याच कामासाठी बांधलेली आणि सध्या बिनकामाची पडलेली वास्तू शोधायची. पाहुण्यांसाठीच बांधलेली जागा कधी स्वस्त नसते, कारण तिला फक्त पाहुण्यांवर जगायचं असतं.

आणि कार्यालयाचा 'दिवस' आमच्यासाठीच आखल्यासारखा निघाला. लग्नाच्या हिशेबानं तो आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरात निघाली की संपतो. शनिवारी पाच ते रविवारी पाच. भाडं एका दिवसाचं, आणि त्या वेळात एक रात्र, चहा, दोन जेवणं आणि एक नाश्ता बसतो.

गाव वाई ठरलं. खरं कारण एसटी. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि त्याच्या आदल्या वर्षापासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. दोन्ही राज्याच्या हद्दीत. ही सवलत घेणारे आमच्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशी जागा घेतली की न मागता कुणाचे दोनशे, कुणाचे चारशे वाचतात. स्वस्त फार्महाऊस फाट्यापासून आठ किलोमीटर आत असलं तर ते स्वस्त नसतं. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी ते स्वस्त असतं. दुसरं कारण शोभेचं, पण आम्हाला ते फार गोड लागलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचं कर्मस्थान ते वाई, मराठी विश्वकोशाचं काम चाललं तेही इथंच. पहिला खंड 1976 चा. कोडी सोडवणाऱ्यांनी पंढरपूर सोडून कुठे जायचं तर वाईला. (विश्वकोशाचं कार्यालय रविवारी बंद असतं हे माहीत असूनही काही जण सकाळी जाऊन बाहेरून पाटी बघून आले.)

जागा पक्की करायला मी आणि काळी चौकट गेलो. व्यवस्थापक काका साठीचे, कपाळाला बुक्का, टेबलावर जाडजूड नोंदवही. त्यांनी छापील अर्ज पुढे केला. कार्याचा प्रकार : विवाह, मुंज, साखरपुडा, बारसं, इतर.

'इतर,' मी म्हटलं.

'इतर म्हणजे? एकसष्टी?'

'नाही काका, आम्ही सगळे कोडी सोडवतो. भेटायचंय.'

काकांनी चष्मा वर केला. 'क्लास आहे का?'

'क्लास नाही. असंच.'

'विक्री आहे का काही? मागं एकजण असंच म्हणाले आणि पातेली विकायला बसले.'

काळी चौकट म्हणाले, 'विक्री नाही, भाषण नाही, पूजा नाही. जेवण आणि गप्पा.'

'मग यजमान कोण?'

हा प्रश्न खरा होता. लग्नाला यजमान असतो, नुकसान झालं तर त्याच्याकडे बघता येतं. आमच्यात यजमान कुणीच नव्हतं, किंवा चौतीस होते. शेवटी माझं नाव लिहिलं. काका जरा सैलावले आणि म्हणाले, 'दारात बोर्ड फुकट आहे ताई आपल्याकडे. वर चि., खाली चि. सौ. कां. मधली नावं काढून काय लिहायचं ते सांगा.'

मग मी माझे प्रश्न काढले. हे प्रश्न मात्र कुणीही, कुठल्याही जागेला विचारावेत असं मला वाटतं. फोटोत हॉल दिसतो, झुंबर दिसतं, बाग दिसते. मोरी दिसत नाही. संडास किती, त्यातले कमोडचे किती, ते कुठल्या मजल्यावर, बायकांच्या झोपायच्या जागेपासून किती लांब, आणि रात्री तिथे दिवा लागतो का. सकाळी सहा ते नऊ या तीन तासांत तीसच्या वर माणसांच्या आंघोळी उरकायच्या तर सात-आठ माणसांमागे एक तरी न्हाणीघर हवंच. त्यापेक्षा कमी असेल तर कितीही स्वस्त असो, मी पुढे बोलत नाही. आमच्यातल्या पाच जणांचे गुडघे गेलेले. त्यांना कमोड नाही म्हणजे येणंच नाही, आणि हे कारणही कुणी उघड सांगत नाही. तिथंही बारसंच असतं.

'गरम पाणी?'

'सोलर आहे की. दोन टाक्या.'

'आषाढात?'

काका हसले. 'बंब लावू. लाकडं तुमची.'

बाकी गोष्टी ठरत गेल्या. गाद्या बिछायतवाल्याकडून, गादीला चाळीस रुपये. चादर आणि उशी ज्याची त्यानं आणायची, कारण पावसाळ्यात उशीचा वास कुणी कितीही झटकला तरी जात नाही. विजेच्या मीटरचं रीडिंग येताना लिहायचं, जाताना लिहायचं, फरकाचे पैसे द्यायचे. सफाईचे वेगळे. भटारखान्यात सामिष चालणार नाही. यावर ग्रुपातून एक सामुदायिक सुस्कारा आला. श्रावण तोंडावर आणि आषाढातला एक आख्खा रविवार मसालेभातावर जाणार! वाईट मलाही वाटलं. पण सामिष करू देणारी जागा दीडपट महाग होती.

लातूरकडच्या मुलीचं येणं शेवटपर्यंत डळमळत होतं. पैसे जमले होते, सुट्टी होती. घरचे तयार नव्हते. त्यांचं चूक नव्हतं. मोबाईलवरच्या टोपणनावाच्या माणसांबरोबर रात्रभर राहायला आपल्या पोरीला कोण पाठवेल? मी तिच्या आईला फोन केला. बाईंनी ना ग्रुपबद्दल विचारलं, ना कोड्यांबद्दल. 'कुठं उतरणार?' एवढंच.

'वाईला मंगल कार्यालय घेतलंय.'

पलीकडून श्वास सुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. 'मंगल कार्यालय होय! मग बायका एकीकडं असतील की.'

'हो. वधूपक्षाची खोली आहे, आतून कडी आहे. मी तिच्या शेजारी झोपणार. एक बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या दाराशी.'

'मग धाडते,' बाई म्हणाल्या. 'तिला म्हणावं, मोठ्यांच्या मधी लई बोलू नगंस.' (तिनं हे अजिबात ऐकलं नाही.)

रिसॉर्ट म्हटलं असतं, बंगला म्हटलं असतं, तर ती आली नसती. जागेचं भाडं आपण मोजतो, पण जागेला एक अब्रूही असते आणि तिच्यावर कुणाकुणाचं येणं अवलंबून असतं, हे मला त्या फोनपर्यंत इतकं नेमकं कळलं नव्हतं. मंगल कार्यालयात प्रत्येक घर कधी ना कधी उतरलेलं असतं. कुठे काय असतं हे न बघता माहीत असतं.

शनिवारी पाचच्या सुमारास एकेक जण यायला लागला. काकांनी यादी आणि आधार कार्डाच्या प्रती मागितल्या होत्या, म्हणून दाराशीच नावनोंदणी. टोपणनावं तिथं चालेनात. वर्षानुवर्षं 'उभं सतरा' असलेल्या माणसाचं कार्डावरचं नाव ऐकून चार जण म्हणाले, 'हे कोण?' तो बिचारा स्वतःच म्हणाला, 'मीच तो, नर्मदेवरून भांडलेला.' पाऊस सरळ पडत होता. दारात बोर्ड होता. काकांनी न विचारता त्यावर 'शुभ कोडी' असं लिहिलं होतं.

पायऱ्या उतरल्या की कृष्णा, पलीकडच्या अंगाला ढोल्या गणपती. 1762 चं रास्त्यांनी बांधलेलं देऊळ. पुढचा कार्यक्रम खरं तर घाटावर बसून करायचा होता, पण नदी चढलेली होती आणि पावसाला खंड नव्हता. इथं कार्यालयाचा हॉल कामाला आला. जुनी शहाबादी फरशी, दोन बाय दोनच्या लाद्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. लातूरच्या पोरीनं आधी बघितलं. 'अहो, हे तर कोडंच आहे.' खडू आणले. पंधरा बाय पंधरा लाद्या मोजल्या, सूचना आधीच तयार होत्या. मराठी कोड्यात एका चौकटीत एक अक्षर जातं ते काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असलं तरी एकाच चौकटीत. त्यामुळे 'ष्ट्र' लिहायला गुडघे टेकून बसावं लागत होतं. काळ्या चौकटी रंगवायच्या कशा? तिथे माणसं बसवली. ज्यांचे गुडघे गेलेले त्यांना स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या आणून त्या लाद्यांवर ठेवल्या. काळी चौकट गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा सार्थ नावाचे झाले आणि दोन तास उठले नाहीत. आडवे सात आणि उभे तीन एकमेकांना छेदत होते तिथे अक्षर जुळेना, तेव्हा जे भांडण झालं ते ऐकून काका भटारखान्यातून धावत आले. त्यांना वाटलं देण्याघेण्यावरून बिनसलं. मग तेच भिंतीला टेकून उभे राहिले आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाले, 'तिथं ''मांडव'' नाही का बसणार?'

बसला.

हे रिसॉर्टच्या खोलीत होत नाही. तिथे माणसाला पलंग मिळतो, टीव्ही मिळतो, दार मिळतं, आणि दार मिळालं की माणूस ते लावतो. जागा बघताना मी खोल्यांच्या आधी सगळे एकावेळी कुठे बसतील ते बघते, आणि पाऊस आला तर कुठे बसतील तेही. खोलीत गैरसोय असली तर माणसं बाहेर येतात. बाहेर बसायला जागा नसेल तर खोलीतल्या सोयीचा काय उपयोग?

गैरसोयी होत्याच. रात्री एक नंतर वरपक्षाच्या बाजूनं जे घोरणं सुरू झालं त्यात तीन स्वतंत्र पट्ट्या होत्या. घोरणाऱ्यांची खोली वेगळी ठेवली होती, पण आपण घोरतो हे मान्य करून तिथे गेलेले फक्त दोघे. डास होते. एक नळ सतत ठिबकत होता. साडेसहाला बंबाच्या धुरानं अर्धे जण खोकत उठले. न्यू जर्सीकर पाचगणीला हॉटेलात उतरले होते, तिथे तो फॉर्म बिनबोभाट भरला गेला. पण शनिवारी रात्री नऊला त्यांची गाडी आली आणि गप्पा रंगात असताना त्यांना पसरणी घाट चढायला जावं लागलं. सकाळी ते म्हणाले की रात्री बराच वेळ ग्रुपवर फोटो बघत बसलो होतो. इतक्या जवळ आहात आणि मी पुन्हा मोबाईलमध्येच. यावर मला उपाय सुचलेला नाही. स्वतःच्या खर्चानं वेगळं राहण्याची मोकळीक हे माझंच तत्त्व, आणि त्यात एका माणसाची रात्र गेली ती गेलीच. एसीवालं जोडपं मात्र तक्रार न करता अकराला निघून गेलं आणि नाश्त्याला ताजंतवानं परत आलं.

हिशेब खोडरबर बाईंनी मंगळवारी टाकला. सगळ्यांनी 1,100 भरले होते, 34 जणांचे 37,400. कार्यालय करासह 16,000. बिछायत 1,360. आचारी, शिधा, चहा धरून माणशी 420, म्हणजे 14,280. सफाई 1,500. वीज आणि बंबाची लाकडं 1,200. एकूण 34,340, शिल्लक 3,060. शिल्लक वाटून परत द्यावी असं एकानं सुचवलं, तर माणशी नव्वद रुपये. बाईंनी ती पुढच्या वेळच्या कमोडच्या खुर्चीसाठी राखून ठेवली आहे. घडीची मिळते, देशी संडासावर ठेवता येते, आणि मग जागा निवडताना ती एक अट कमी होते. मला हे कसं सुचलं नाही कुणास ठाऊक.

पुढची भेट विदर्भात हवी असं नागपूरकरांचं म्हणणं आहे, आणि ते वाजवी आहे. दर वेळी त्यांनीच रात्रभर प्रवास का करायचा? रामटेकच्या बाजूला एक कार्यालय त्यांनी बघून ठेवलंय. हॉल मोठा आहे म्हणतात, फरशीही चौकोनी आहे. सात फोटो पाठवलेत, त्यातले पाच झुंबराचे. मी न्हाणीघराचा मागवलाय.